खाटेवरून दिसणारी भिंत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दवाखान्यात माणूस दोन तऱ्हांनी जातो. एक स्वतःच्या पायांनी, दुसरा स्ट्रेचरवरून. पायांनी जाणाऱ्याला दार दिसतं, पाटी दिसते, केसपेपरची खिडकी दिसते, एखादा ओळखीचा चेहरा दिसतो. स्ट्रेचरवरून जाणाऱ्याला फक्त छत दिसतं. ट्यूबलाइटमागून ट्यूबलाइट सरकत जाते, मध्येच एखादा पंखा, पंख्याच्या पात्यावर ‘अमक्यांच्या स्मरणार्थ’ असं लिहिलेलं, मग ओल आलेला एक डाग, आणि पुन्हा ट्यूबलाइट. इमारत एकच, पण आडव्या झालेल्या माणसासाठी ती निराळीच असते. तिचा नकाशा काढणारा मात्र उभा असतो, मंजुरी देणारा खुर्चीत बसलेला असतो, आणि उद्घाटन करणारा तर घाईतच असतो.

आजचा माझा विषय आहे रुग्णालयाच्या इमारतीतली कला, आणि तीही अमूर्त कला. बाजारातून आणून खिळ्याला टांगलेली नव्हे, तर त्या जागेसाठीच घडवलेली. विषय ऐकून काही जण रेडिओचा कान पिळतील, याची मला कल्पना आहे. खाटा अपुऱ्या, डॉक्टर अपुरे, औषधं बाहेरून आणायची, आणि हे मास्तर निघाले चित्रं काढायला! मी रामटेकचा. पस्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. ‘चित्रकलेचा तास गणिताला द्या’ हे वाक्य ज्याने आयुष्यभर ऐकलं, त्याला हा आक्षेप काही नवा नाही.

माझं उत्तर साधं आहे. भिंत रंगवायची की नाही, हा प्रश्नच नाही. ती रंगवली जातेच. दर काही वर्षांनी टेंडर निघतं. खाली तेलरंगाचा गडद पट्टा, वर डिस्टेंपर, आणि दोहोंच्या मध्ये दोरी धरून मारलेली एक रेघ. म्हणजे रंग आहे, रंगारी आहे, शिडी आहे, पैसेही आहेत. कमी आहे तो एवढाच विचार, की ही भिंत पाहत कुणीतरी आठ-पंधरा दिवस पडून राहणार आहे.

तालुक्याच्या कुठल्याही सरकारी रुग्णालयात जा. भिंती सारख्या बोलत असतात, आणि बहुतेक वेळा रागावूनच बोलतात. शांतता राखा. थुंकू नका. गर्दी करू नका. गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. या सूचना हव्यातच. खोकल्याची पाटी वाचून एकजण जरी वेळेवर तपासणीला आला तरी ती पाटी सार्थकी लागली. पण ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी ती काळ्या-पांढऱ्या रेघांची नक्षीच असते. आमच्या तालुक्यात देवलापारकडून येणारी गोंड माणसं आहेत, मनसर-कांद्रीच्या मँगनीजच्या खाणींत राबणारे कामगार आहेत, पानमळ्यांत आणि धानाच्या बांध्यांत वाकून वाकून कंबर गेलेल्या बाया आहेत. घरी कुणी गोंडी बोलतं, कुणी हिंदी, कुणी आपली वऱ्हाडी-झाडीच्या वळणाची मराठी. भिंत सगळ्यांशी एकाच छापील भाषेत बोलते.

आणि जिन्याच्या कोपऱ्यात? तिथे देव असतात. खर्रा खाऊन पिचकारी मारणाऱ्यांना आवरायला आपण टाइल्सवर देव छापले आणि कोपऱ्याकोपऱ्यांत बसवले. राम, साईबाबा, मक्का-मदिना, क्रूस, सगळ्यांना एका रांगेत रखवालदाराची नोकरी दिली. सर्वधर्मसमभाव आपल्याकडे दुसरीकडे कुठे इतक्या सहज जमलेला मला दिसला नाही! गंमत बाजूला ठेवू, पण सार्वजनिक इमारतीत कलेचा उपयोग होतो, चित्राने माणसाची वागणूक बदलते, हे आपल्या कंत्राटदारालाही ठाऊक आहे, एवढं यावरून सिद्ध होतं.

मग देवांची, महापुरुषांची, निसर्गाची, गोंडस बाळांची चित्रं लावली तर काय बिघडलं? काही ठिकाणी काहीच बिघडत नाही. पण प्रसूतिकक्षाचं उदाहरण घ्या. पाळण्यातल्या गुटगुटीत बाळाचं पोस्टर तिथे हमखास असतं. जिचं बाळ कुशीत आहे ती त्याकडे कौतुकाने बघते. पण त्याच कक्षात, कधीकधी शेजारच्याच खाटेवर, जिचं बाळ गेलं ती बाईही असते. खाटा अपुऱ्या असल्यामुळे तिला वेगळी खोली मिळत नाही. तिने तीन दिवस त्या पोस्टरकडे पाठ करून झोपायचं का? मूर्त चित्र काहीतरी ठाम सांगतं, आणि वॉर्डात एका ओळीत झोपलेल्या वीस जणांना ऐकायचं असतं ते वीस तऱ्हांचं. कुणी उद्या घरी जाणार असतो, कुणाला अजून रिपोर्ट कळलेला नसतो, कुणाला कळलेला असतो. या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच भिंत आहे. तिने कुणालाच काही सुनावू नये, कुणाकडून काही मागू नये, आणि तरीही डोळ्यांना टेकायला जागा द्यावी. अमूर्त रचनेकडे मी वळतो तो या कारणासाठी. ती आधुनिक आहे म्हणून नव्हे.

‘अमूर्त’ म्हटलं की आपल्याला वाटतं, हे शहरातल्या गॅलरीतलं, श्रीमंतांचं, न कळणारं काहीतरी. पण सकाळी अंगणात घातलेली ठिपक्यांची रांगोळी कशाचं चित्र असते? कशाचंच नाही. आजीच्या लुगड्यांच्या तुकड्यांची गोधडी कशासारखी दिसते? गोधडीसारखी. शिवेवरचा शेंदूर लावलेला दगड आठवा. त्याला नाक नाही, डोळे नाहीत, तरी त्याच्यापुढे हात जोडायला कुणाला रसग्रहणाचा वर्ग करावा लागला नाही. रांगोळी तर त्या उंबरठ्यासाठी, त्या सकाळपुरतीच काढलेली असते. दुसऱ्याच्या दारातली उचलून आपल्या दारात ठेवता येत नाही. जागेसाठी घडवलेली अमूर्त कला म्हणतात ती हीच. ती आपल्या बाया रोज करतात आणि रोज झाडून टाकतात.

आणि नागपूरकरांनी तर अमूर्ताला परकं म्हणूच नये. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४मध्ये नागपुरात झाला. पुढचं आयुष्य मुंबई-दिल्लीत गेलं, २००१मध्ये ते वारले. आपल्या कामाला ‘अमूर्त’ म्हटलेलंही त्यांना रुचत नसे. सय्यद हैदर रझा मंडला भागातले, पण त्यांचं पहिलं कलाशिक्षण १९३९पासून नागपूरच्या कलाशाळेत झालं. डॉ. होमी भाभांनी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारताना तिच्या भिंतींसाठी चित्रं जमवली. त्यांत गायतोंडे आहेत आणि हुसेन यांचं भलंमोठं भित्तिचित्रही आहे. समीकरण मांडणाऱ्या शास्त्रज्ञाला समोर चित्र असावं असं भाभांना वाटलं. सलाइनच्या थेंबांकडे बघत पडलेल्या माणसाला ते का नको?

मुंबईतच सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८४५मध्ये रुग्णालय उभं राहिलं आणि १८५७मध्ये कलाशाळा. दोन्हींना आपण आजही ‘जे. जे.’च म्हणतो. नाव एक, दाता एक. पण कलाशाळेने रुग्णालयात ये-जा ठेवावी, ही रीत म्हणून आपल्याकडे रुजली नाही.

तसं पाहिलं तर रुग्णालयात निव्वळ रंगाने केलेलं एक काम सगळ्यांनी पाहिलेलं आहे. शस्त्रक्रियागृहातले कपडे हिरवे किंवा निळसर का असतात? पूर्वी तिथे सगळं पांढरं असायचं. झगझगीत उजेडात पांढऱ्या चादरींमुळे डोळे दिपत. शिवाय रक्ताच्या लाल रंगाकडे बराच वेळ पाहून नजर पांढऱ्यावर नेली की हिरवट छाया डोळ्यांसमोर तरंगते. घरी करून बघा, लाल कागदाकडे अर्धा मिनिट टक लावा आणि मग पांढऱ्या भिंतीकडे पाहा. १९१४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे शल्यविशारद हॅरी शर्मन यांनी आपलं शस्त्रक्रियागृह पालकाच्या भाजीसारख्या हिरव्या रंगात करून घेतलं. हा रंग कशाचंही चित्र नाही, कुणाला उपदेश करत नाही. तो त्या खोलीसाठी आणि तिथल्या कामासाठी निवडलेला आहे.

हाच विचार रुग्णाच्या बाजूने करणारा माणूस फिनलंडमध्ये निघाला. आल्वार आल्टो हे वास्तुशिल्पकार. पाइमिओ गावाजवळ क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम बांधायचं होतं, १९२९ ते १९३३च्या दरम्यानची गोष्ट. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. उजेड, हवा आणि विश्रांती एवढाच उपचार. रुग्ण महिनोन्‌महिने पडून. त्या सुमारास आल्टो स्वतः आजारी होते, आणि पडल्यापडल्या त्यांच्या ध्यानात आलं की खोल्या उभ्या माणसासाठी बांधलेल्या असतात. मग त्यांनी आडव्या माणसासाठी खोली रचली. छताला गडद शांत रंग, भिंती त्याहून फिक्या, दिवा असा की थेट डोळ्यांत येऊ नये, छतातून येणारी ऊब पायांच्या बाजूला. हात धुण्याचं भांडं असं घडवलं की पाणी पडताना आवाज होऊ नये आणि शेजारी झोपलेल्याची झोपमोड होऊ नये. जिन्याला पिवळी जमीन केली. फिनलंडच्या लांबलचक काळोख्या हिवाळ्यात तो पिवळा रंग काय करत असेल, याची कल्पना आमच्या मे महिन्यातल्या उन्हात बसून करणं कठीण आहे. आमच्याकडे तोच पिवळा जमिनीवर टाकला तर माणसाला भोवळ यायची! पाइमिओचा पिवळा पाइमिओतच शोभतो.

आमच्याकडची एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी माझी पत्नी एका रुग्णालयात अकरा दिवस होती. जुनी इमारत, उंच छत, आणि वॉर्डाच्या पूर्वेच्या भिंतीत वरच्या बाजूला सिमेंटची जाळी. आपल्या सार्वजनिक बांधकाम खात्याने एके काळी शाळा, कचेऱ्या, दवाखाने, सगळीकडे ती जाळी वापरली. हवा यावी एवढाच हेतू. पण सकाळी त्या जाळीतून ऊन आत यायचं आणि समोरच्या भिंतीवर उजेडाचे चौकोन पडायचे. ते हळूहळू खाली सरकत. खाली येता येता बुटके होत, मग जमिनीवर उतरत. पत्नीला घड्याळ दिसत नव्हतं. ती म्हणायची, ‘चौकोन तिसऱ्या खाटेच्या पायाशी आले, आता राउंड येईल.’ पलीकडच्या खाटेवरची एक म्हातारी त्यांना ‘माझी लेकरं’ म्हणायची. ढगाळ दिवस असला की ‘आज लेकरं आली नाहीत’ म्हणून खट्टू व्हायची. त्या दोघींचं सबंध सकाळभर बोलणं त्या चौकोनांवर चालायचं. कुणा चित्रकाराने ते योजलेलं नव्हतं. पुढे त्या इमारतीचं नूतनीकरण झालं. जाळी बुजवून तिथे पॅनल बसवलं, आणि पॅनलवर धबधब्याचं छापील चित्र. धबधबा चांगला आहे. पण तो सकाळी आठला असतो तसाच रात्री आठला असतो.

आता दुसरी बाजू, कारण ती भक्कम आहे आणि ती लपवून माझं म्हणणं पुढे रेटणं बरं नव्हे. रॉजर उलरिख नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८४मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटासा लेख लिहिला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाची १९७२ ते १९८१ची कागदपत्रं त्यांनी तपासली. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण निवडले. त्यांतल्या २३ जणांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, उरलेल्या २३ जणांना विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत, आणि झाडंवाल्यांना वेदनाशामकाचे कडक डोसही कमी लागले. खिडकीबाहेर काय दिसतं याची नोंद केसपेपरवर उमटते, ही गोष्ट त्या लेखामुळे जगभरच्या रुग्णालय बांधणाऱ्यांना कळली.

इथपर्यंत ठीक. पण उलरिख यांनी पुढे स्वीडनमधल्या सहकाऱ्यांबरोबर उप्साला इथल्या रुग्णालयात हृदयशस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांसमोर वेगवेगळी चित्रं लावून पाहिली. पाणी आणि झाडं असलेल्या निसर्गदृश्यामुळे रुग्णांची चिंता कमी झाली. आणि सरळ रेषांच्या, कोनाकोनांच्या अमूर्त चित्रामुळे? ती वाढली. काहीच न लावलेल्या रुग्णांपेक्षाही जास्त. स्वीडनमधल्याच एका मनोरुग्णालयातला अनुभवही त्यांनी नोंदवला आहे: रुग्ण ज्या चित्रांवर धावून गेले, ती अमूर्त वळणाची होती. औषधांच्या गुंगीत, भीतीत, वेदनेत असलेला माणूस संदिग्ध आकारात आपलीच भीती पाहतो, असा उलरिख यांचा अर्थ. तो मला पटतो. तापात डागाचा राक्षस झालेला कुणी पाहिला नाही?

म्हणून गॅलरीतलं गाजलेलं अमूर्त चित्र उचलून अतिदक्षता विभागात टांगणं, याला माझा पाठिंबा नाही. चित्रकाराची खळबळ त्याच्या जागी मोलाची असते, पण ज्याला पाठ फिरवून निघून जाता येत नाही अशा माणसावर ती लादणं हा जुलूम आहे. गॅलरीतला प्रेक्षक दोन मिनिटांनी पुढे सरकतो. खाटेवरचा प्रेक्षक सरकू शकत नाही. पण मला असंही वाटतं, की उप्सालातली चित्रं सगळीच रुग्णासमोर आणून ठेवलेली होती. त्या खोलीच्या उजेडातून, त्या खाटेच्या उंचीवरून ती घडलेली नव्हती. अमूर्ताचा दोष किती आणि परकेपणाचा किती, हे त्या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही.

लिव्हरपूलचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. ब्रिजेट रायली या इंग्रज चित्रकर्तीची ख्याती डोळ्यांना गरगरायला लावणाऱ्या काळ्या-पांढऱ्या रेषांसाठी. तसली चित्रं दवाखान्यात लावली असती तर उलरिख यांची भीती खरी ठरली असती. पण १९८३च्या सुमारास रॉयल लिव्हरपूल रुग्णालयाच्या बोळांचं काम हाती आलं तेव्हा त्यांनी ती रीत बाजूला ठेवली. इजिप्तच्या प्रवासात प्राचीन थडग्यांमध्ये पाहिलेल्या रंगांतून त्यांचे नवे रंग आले होते. त्या रंगांचे आडवे पट्टे त्यांनी भिंतींवरून लांबच लांब नेले. पट्टे आडवे, कारण बोळातून माणसं चालतात, चाकाच्या खुर्च्या आणि स्ट्रेचर सरकतात; नजरेला सोबत हवी, अडथळा नको. पुढे लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातही त्यांनी असंच काम केलं, आधी १९८७मध्ये आणि मग २०१४मध्ये. कलावंताने आपली ख्याती दाराबाहेर ठेवून आत येणं, हे मला त्या पट्ट्यांइतकंच मोठं वाटतं.

आपल्या विदर्भात असं कुणी केलं आहे का? अमूर्त कला या नावाने नाही. पण जागा आणि माणूस पाहून रुग्णालयाला रूप देणं म्हणाल, तर ते इथे झालेलं आहे, आणि जगाने धडा घ्यावा असं झालेलं आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचं काम १९८६पासून चालू आहे. गोंड आदिवासी दवाखान्यात यायला घाबरतात, हे पाहून त्यांनी कारण त्यांनाच विचारलं. उत्तरं ऐकण्यासारखी होती. मोठाल्या इमारतीत गेलं की वाट सापडत नाही. डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात. आम्ही पांढरं कापड मेलेल्या माणसावर घालतो. नातेवाइकांना बाहेर काढतात. आणि तिथे आमचा देव नसतो. मग शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांच्या गावासारखा बांधला गेला. घरच्या माणसांनी सोबत राहण्याची सोय केली. नाव दिलं माँ दंतेश्वरी दवाखाना, आणि देवीला आवारात जागा दिली.

यातली पांढऱ्या रंगाची गोष्ट मला फार मोलाची वाटते. डॉक्टरी जगात पांढरा म्हणजे स्वच्छता. गोंड माणसाला तोच पांढरा म्हणजे कफन. रंग मुका नसतो आणि तो सगळ्यांशी सारखं बोलतही नाही. पुस्तकात वाचून ‘निळा रंग शांत करतो’ म्हणणारे सल्लागार भेटतात, तेव्हा मी म्हणतो, कुणाला? विचारलंत का?

आमच्या रामटेकला उपजिल्हा रुग्णालय आहे. इथून पुढे नेलं तर नागपूरला, ‘मेडिकल’ला किंवा ‘मेयो’ला. तिथवर नेण्याइतकी परिस्थिती नसेल तर माणूस इथेच पडून असतो. अशा तालुक्याच्या रुग्णालयात काय करता येईल, याचा मी गेली काही वर्षं विचार करतो आहे. रामटेक म्हटलं की पहिली सूचना येते मेघदूताची. यक्ष काढा, ढग काढा. गडावरच्या कालिदास स्मारकात कालिदासाच्या साहित्यातले प्रसंग चितारलेले आहेतच. ते तिथे शोभतात. रुग्णालयात विरही यक्ष कशाला? तिथे सगळे विरहीच असतात. पण एक गोष्ट त्या यक्षाकडून घेण्यासारखी आहे. घरापासून दूर अडकलेल्या त्या माणसाने मन मोकळं करायला निवडला तो ढग. ठाम आकार नसलेली वस्तू.

तर पहिलं काम जमिनीवर. दारापासून रक्ततपासणीपर्यंत एका रंगाचा पट्टा, क्ष-किरणापर्यंत दुसऱ्या, बाळंतिणींच्या कक्षापर्यंत तिसऱ्या. काही मोठ्या रुग्णालयांत असे पट्टे आहेत. न वाचता येणाऱ्याला ‘लाल पट्टीने जा’ म्हटलं की तो कुणापुढे न ओशाळता चालू लागतो. हे पट्टे नुसते खुणेचे न ठेवता त्यांना वळणं द्यावीत. थांबायच्या जागी रुंद व्हावेत, बाकाखालून जावेत, खिडकीपाशी भिंतीवर चढावेत. अंबाळ्याच्या घाटाच्या पायऱ्या पाण्याच्या पातळीबरोबर कशा कमी-जास्त दिसतात, ते ज्याने पाहिलं आहे त्याला आडव्या रेषांचं काय करायचं ते सुचेल. अंबाळ्याचं चित्र काढायचं नाही; त्या पायऱ्यांची लय तेवढी घ्यायची.

दुसरं काम छतावर, आणि तिथे फार थोडं. भडक रंग खाटेजवळ नकोतच, त्याला एक वैद्यकीय कारणही आहे. डॉक्टर रुग्णाची त्वचा, डोळे, नखं पाहून फिकेपणा, कावीळ, निळेपणा ओळखतात. शेजारची भिंत गडद पिवळी किंवा हिरवी असेल तर तिचा रंग कातडीवर पडतो आणि नजर फसते. म्हणजे चित्रकाराने ब्रश उचलण्याआधी डॉक्टरांशी, सिस्टरशी आणि फरशी पुसणाऱ्या बाईशी बोललं पाहिजे. ती सांगेल, की जंतुनाशकाने रोज पुसल्यावर कुठला रंग महिन्यात उडतो आणि कुठल्या खाचेत धूळ बसते. कापडाच्या, सुतळीच्या, मातीच्या सुंदर वस्तू वॉर्डात चालत नाहीत. सेवाग्रामला बापूकुटीच्या भिंतीवर मीराबहनांनी मातीतच उठवलेली ताडाची झाडं मला अतिशय आवडतात, कारण ती भिंतीवर चिकटवलेली नाहीत, भिंतीतूनच आलेली आहेत. पण रुग्णालयात तेच काम चकचकीत टाइलमध्ये किंवा घोटलेल्या फरशीत करावं लागेल. जुन्या सरकारी इमारतींतली मोझॅकची फरशी आठवा. तिच्या ठिपक्यांत कंटाळलेल्या पोरांनी किती हत्ती-घोडे शोधले असतील! आणि जिथे सिमेंटची जाळी अजून शिल्लक आहे, तिथे चित्रकाराचं निम्मं काम झालेलं आहे. ती बुजवू नये.

खर्चाबद्दल. स्वीडनने १९३७मध्ये ठरवलं, की सरकारी इमारतीच्या खर्चातला एक टक्का कलेसाठी ठेवायचा. आपल्याकडे एक टक्काही नको. रंगकामाच्या टेंडरमध्ये चित्रकाराचे पंधरा दिवसांचे पैसे धरले तरी सुरुवात होईल. देणगीदारही मिळतील. फक्त त्यांचं नाव कुठे घालायचं, हा प्रश्न येईल, कारण आपल्याकडे पंख्याचं पातंसुद्धा कोरं सुटत नाही. नाव दाराजवळ एका फळीवर असावं. खाटेवरून दिसू नये.

सगळ्यात अवघड प्रश्न वेगळाच आहे. काम छान होईल, फोटो येतील, आणि चार वर्षांनी नवीन टेंडर निघेल. ठेकेदाराचा माणूस बादली घेऊन येईल आणि दोन दिवसांत सगळ्यावर क्रीम कलर फासून जाईल. त्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नसेल. म्हणून प्रत्येक रंगाच्या छटेचा क्रमांक, टाइल कुठून आणली त्याचा पत्ता आणि भिंतीचा एक नकाशा रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवावा, औषधांच्या साठ्याची नोंद ठेवतात तसा. फुटल्या तर लावायला दहा-वीस टाइल्स स्टोअररूममध्ये जास्तीच्या ठेवाव्यात. आणि त्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहावं, ‘भंगारात देऊ नये’.